गोटीच्या बाटलीची बोली

परवा फोनवर तू वैतागून सांगत होतास, की क्रिकेटच्या एका जुन्या कार्डासाठी तू कॉम्प्युटरवर बोली लावलीस, कार्ड तुलाच मिळालं, आणि मग बिल आलं ते बोलीपेक्षा बरंच जास्त. मागून तुझे बाबा म्हणाले, "नियम वाचायला हवे होतेस." ते मला इकडे स्वच्छ ऐकू आलं. तेव्हा मी काही बोलले नाही, पण या बाबतीत नियम वाचून काही फायदा होतो असं मला वाटत नाही. मी वाचले होते. हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत वाचले होते. त्यातला प्रत्येक इंग्रजी शब्द मला कळला होता. तरी माझं जे व्हायचं ते झालंच, आणि नेमकं काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. क्रमाने सांगून बघते. लिहिता लिहिता मलाच उमगलं तर बरंच. तुझ्या धाकट्या बहिणीलाही हे वाचून दाखव. मागच्या सुट्टीत तिने माझ्या काचेच्या कपाटासमोर उभं राहून एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तरही यातच येईल.

माझ्या वडिलांचा नाशकात सोडावॉटरचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. त्यात हाताने चाक फिरवायचं एक यंत्र, गॅसचं नळकांडं, लाकडी क्रेट, आणि दगडी टाकीशी बसून बाटल्या धुणारी माझी आई, म्हणजे तुमची पणजी. गोटीसोडा तुम्ही कधी प्यायला नसाल, म्हणून बाटलीचं वर्णन करते. हिरवट, जाड काच. मान अशी, की काच मऊ असताना दोन्ही बाजूंनी कोणी चिमटा काढला असावा. आणि त्या मानेत एक काचेची गोटी, जी बाटली फोडल्याशिवाय कधीच बाहेर येत नाही. बाटली पालथी धरून भरायची. गोटी आपल्या वजनाने तोंडाशी येऊन बसते आणि आतला गॅस तिला तिथेच दाबून धरतो. प्यायच्या वेळी अंगठ्याने गोटी आत ढकलायची, की फट्ट आवाज करून सोडा वर येतो.

वडिलांनी हौसेने बाटल्यांवर आमचं आडनाव आणि गावाचं नाव इंग्रजीत, काचेतच उठवून घेतलं होतं. त्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती, तिचा अर्थ असा, की ही बाटली कारखान्याची मालमत्ता आहे. मिशनच्या इंग्रजी शाळेत मला घातल्यावर घरी येऊन मी पहिलं इंग्रजी वाचलं ते हेच. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण तिच्या अंगठ्याला ती अक्षरं पाठ होती. रोज ब्रशने बाटली घासायची आणि अक्षरांच्या खाचांत माती राहिली का ते अंगठा फिरवून बघायची.

आम्ही सोडा विकत असू, बाटली नाही. हे तुम्ही लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. लग्नाला क्रेट न्यायचा असो किंवा दुकानात ठेवायचा असो, बाटलीमागे अनामत ठेवावी लागे. बाटली परत आणली की अनामत परत. हा सगळा व्यवहार आईच्या हातात होता.

पुढे पत्र्याच्या बुचांचे सोडे आले, गोटीचा सोडा लोकांना गावठी वाटू लागला आणि कारखाना बंद झाला. त्या वेळी ज्या बाटल्या बाहेर होत्या त्या बाहेरच राहिल्या. घरातल्या बाटल्या माझ्या भावांनी आणि गल्लीतल्या मुलांनी गोट्यांसाठी फोडल्या. एक उरली होती, ती घर बदलताना टेम्पोत फुटली.

वडील गेल्यानंतर काही वर्षांनी आई माझ्याकडे राहायला आली. ती काही मागणारी बाई नव्हती. पण नजर कमी होत गेली तसं एक वाक्य तिच्या तोंडी वरचेवर येऊ लागलं, "एक तरी बाटली जपायला हवी होती गं. हातात धरायला." कारखान्याचा एक फ्रेम केलेला फोटो आमच्याकडे होता. मी तो तिच्या हातात दिला, तर तिने काचेवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. फोटो तिला दिसत नव्हता, आणि हाताला तर काहीच लागत नव्हतं.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली असतील. तुमचे आजोबा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. अंबडच्या कारखान्यातले त्यांचे एक जुने सहकारी नाणी जमवायचे. ते एके दिवशी एक गुळगुळीत कागदाचं पुस्तक घेऊन आले. मुंबईची एक लिलाव कंपनी नाशकात येणार होती. जुनी नाणी, तिकिटं, पत्र्याच्या जाहिराती, घड्याळं, असं सगळं त्यात होतं. शेवटच्या पानांवर बाटल्या होत्या, आणि त्या बाटल्यांत आमची बाटली होती. आडनाव, गाव, खालची बारीक ओळ, सगळं फोटोत वाचता येत होतं. अंदाजे किंमत दोन ते तीन हजार रुपये.

"सोड्याची बाटली दोन हजारांना?" आजोबा म्हणाले. "आत सोडा तरी आहे का?"

"रिकामी आहे."

"मग सवलत माग."

मी हसले नाही, तेव्हा ते गंभीर झाले. तुम्हाला माहीत आहे, मी पैसे पाकिटांत ठेवते आणि प्रत्येक पाकिटावर नाव असतं. गिझरच्या पाकिटात पाच हजार होते. आजोबा म्हणाले, "हे घे. पण पाच म्हणजे पाच. आणखी एक वर्ष आपण चुलीवरच्या पाण्याने आंघोळ केली असं समजू." आमच्याकडे चूल नव्हती, पण ते तसंच बोलायचे.

मग मी नियम वाचायला बसले. पुस्तकाच्या शेवटी तीन पानं नियम होते. त्यातला एक असा, की हातोडा पडेल त्या किमतीवर खरेदीदाराने दहा टक्के बायर्स प्रीमियम द्यायचा, शिवाय लागू असलेले कर आणि इतर खर्च. वाक्य सोपं होतं. मला त्याचं कारण कळेना. दुकानात मी साडी घेतली तर साडीचे पैसे देते. साडी विकल्याबद्दल दुकानदाराला वर आणखी दहा टक्के का देईन? मी समासात पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं आणि पिंपळगावला फोन लावला.

पिंपळगाव बसवंतला माझा मामेभाऊ असतो. तुमच्या बाबांचा लाडका मामा. कांद्याचा व्यापार आणि द्राक्षांचं पॅकिंग हे त्याचं काम. त्याची सगळी हयात मार्केट यार्डात ट्रॅक्टरच्या रांगेतून बोली बोलत फिरण्यात गेलेली. लिलावातलं त्याच्याइतकं आमच्या नात्यात कोणालाच कळत नव्हतं. तो दुसऱ्याच दिवशी द्राक्षांची पेटी घेऊन हजर झाला, आधी आईच्या पाया पडला आणि मग माझ्यासमोर बसला.

"ताई, लिलाव म्हंजे माझा रोजचा धंदा हाय. तू कशाला घाबरती?"

"घाबरत नाही रे. हे ऐक. घेणाऱ्याने दहा टक्के वर द्यायचे, असं लिहिलं आहे."

"कुणी लिहिलंय?"

"त्यांनीच."

"लिहायला काय जातंय? लिलावात जे कापायचं ते विकणाऱ्याचं कापतात. आडत, हमाली, तोलाई, समदं शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीतून जातं. घेणारा बोलला तेवढं देतो आन माल उचलतो. बाजार समितीची फी असती आमच्याकडं, पण ती किरकोळ."

"मग हे दहा टक्के कोणाचे?"

त्याने थोडा विचार केला. "हे मोठ्या गिऱ्हाइकाचं असंल. पाच-पन्नास नग उचलणारं. एका बाटलीला कोण दहा टक्के लावतंय?"

मला ते पटलं. का पटलं म्हणून विचाराल, तर त्याच पानावर परदेशी खरेदीदार, बँकेची हमी, निर्यात परवाना असल्या गोष्टी होत्या, आणि त्या आमच्यासाठी नव्हत्या हे उघडच होतं. तशीच ही एक. शिवाय त्याच्या बोलण्यात एवढी खात्री होती, की माझं प्रश्नचिन्ह मला पोरकट वाटायला लागलं. आतून आई म्हणाली, "त्याला घेऊन जा गं बरोबर. त्याला भाव कळतो."

लिलाव नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये होता. दाराशीच एका मुलीने पाचशे रुपये अनामत मागितली आणि हातात नंबराची पाटी दिली.

"हे पैसे परत मिळतात ना?" मी विचारलं.

"हो आजी. काही घेतलं नाहीत तर परत. घेतलंत तर बिलातून वजा."

म्हणजे माझे पाचशे गेले होते, पण माझेच होते. पाकिटात साडेचार राहिले होते, पण माझ्याकडे पाच होते. मी हे मनात नीट मांडत होते, तोवर भाऊ विचारत होता, "माल कुठाय?"

माल पुढच्या टेबलावर काचेच्या पेटीत होता. तो सरळ तिथे गेला आणि पेटीचं झाकण उघडू लागला. एक कोटवाला गृहस्थ धावत आला. "सर, हात लावू नका, प्लीज."

"हात न लावता घ्यायचा?" भावाला खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मग दबलेला हाय का सडका हाय, कळणार कसं?"

मी त्याला ओढून खुर्चीवर बसवलं. हॉलमध्ये चांगला पंखा होता, लोक शांत होते, पुकारणारा माणूस मुंबईच्या इंग्रजीत भरभर बोलत होता. भावाला ही शांतता सोसत नव्हती. एक नाणं विकलं गेलं, तेव्हा तो माझ्या कानाशी म्हणाला, "ताई, एवढ्यात एक ट्रॅक्टर कांदा येतो." पुढे एक पत्र्याची पाटी गेली, तर म्हणाला, "हे दोन ट्रॅक्टर." मग त्याने मोजणं सोडून दिलं.

आमची बाटली आली तेव्हा मी पाटी घट्ट धरली. पुकारणाऱ्याने वर्णन वाचलं, आडनाव वाचलं, आणि बाटली कारखान्याची मालमत्ता असल्याची ओळही मोठ्याने वाचली. मग लगेच तिची बोली सुरू केली. कोणालाही त्यात काही विचित्र वाटलं नाही. मला वाटलं, पण तेवढा वेळ नव्हता.

पुढच्या रांगेत चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेले एक गृहस्थ होते. त्याआधीच्या सगळ्या बाटल्या त्यांनीच घेतल्या होत्या. दोन हजारांपासून आम्ही दोघेच वर वर जात होतो. तीन, साडेतीन, चार. त्यांनी साडेचार म्हटलं आणि मी थांबले. पाच बोलले तर माझं पाकीट संपत होतं. मी भावाकडे पाहिलं.

"पाच हायेत ना? मग बोल की पाच! घेणाऱ्याला वर काय लागत नाय."

मी पाटी वर केली. चष्मेवाले वळले. एका म्हातारीने सोड्याच्या बाटलीसाठी हात वर केलेला पाहून त्यांनी चष्मा खाली सोडला आणि मान हलवली. हातोडा पडला. भावाने माझ्या पाठीत असा धपका मारला, की माझी पाटी खाली पडली.

मला त्या क्षणी आई दिसत होती. तिचा अंगठा दिसत होता.

बिलाच्या टेबलावर तीच दाराशी असलेली मुलगी होती. तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. पाच हजार. त्याखाली प्रीमियम, पाचशे. त्याखाली या दोन्हींवर विक्रीकर, चारशे चाळीस. त्याखाली काचेच्या वस्तूचं खास पॅकिंग, दीडशे. मी बेरीज पुन्हा केली. बेरीज बरोबर होती. कराच्या रकमेशी मी अडखळले. बाटलीवर कर एक वेळ समजला असता, पण प्रीमियमवरही कर? म्हणजे जास्त दिल्याबद्दल आणखी द्यायचे?

"बाई, हे पाचशे कसले?" भावाने विचारलं.

"सर, ते आमचं कमिशन असतं."

"ते विकणाऱ्याकडनं घ्या ना मग."

"त्यांच्याकडूनही घेतो, सर."

भाऊ टेबलावर वाकला. "दोन्हीकडनं?"

"हो, सर."

तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आदर होता. "ताई, आपण जन्मभर चुकीचा धंदा केला."

पण धंदा तो धंदाच. मार्केट यार्डात बोली झाल्यावर ट्रॅक्टर खळ्यावर रिकामा करतात आणि आतून माल हलका निघाला, की व्यापारी भाव तोडतो. त्याने तेच सुरू केलं. आता बाटली हातात घ्यायला कोणी अडवत नव्हतं. त्याने ती उजेडात धरली. "तोंडाला टवका गेलाय बघा. गोटी बी अडकलीय, हलत नाय. आत माती हाय. साडेचार धरा आन मिटवा."

"सर, वस्तू आहे तशी विकतो. नियमात आहे."

"आमच्याकडं माल खाली झाल्यावर..."

"अरे, ते कांदे आहेत का!" मी म्हटलं. मागे रांग लागली होती.

मुलगी बिचारी समजूतदार होती. तिने मला वाटा सांगितल्या. सगळे पैसे आत्ता नसतील तर आठवडाभरात भरता येतील. मात्र सामान संध्याकाळीच मुंबईला जाणार, तेव्हा बाटली मुंबईहून न्यावी लागेल. किंवा ते पार्सल करतील. पार्सलचा खर्च वेगळा, वाटेतल्या फुटतुटीचा विमा वेगळा, आणि उशीर झाला तर गोदामाचं भाडं. मी कुठल्याही वाटेने घरी निघाले तरी मध्ये एक टोलनाका होता. आणि बाटली सोडून द्यायची म्हटलं, तर अनामत जप्त.

मी ठरवलं, की सोडून द्यायची. पाच म्हणजे पाच, असं मी घरी कबूल केलं होतं आणि माझ्या घरात अशा गोष्टी मीच पाळायला लावते. आधी आजोबांना कळवावं म्हणून हॉटेलच्या रिसेप्शनवरून फोन लावला. त्या फोनचेही पैसे पडले, ते तर मी यात धरलेच नाहीत.

फोन आईने उचलला. ती कधीच फोन उचलत नसे. सकाळपासून खुर्ची फोनजवळ ओढून बसली होती, हे मला नंतर कळलं.

"मिळाली का गं?"

माझ्याकडे पूर्ण वाक्य तयार होतं. त्यात किंमत, कमिशन, कर असं सगळं होतं. मी म्हटलं, "मिळाली."

"गोटी आहे का आत?"

"आहे. पण अडकली आहे."

"जावईबापूंना पाणी तापत ठेवायला सांगते," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

मी परत टेबलाशी आले, तेव्हा भावाने माझं तोंड पाहिलं. "आत्याला काय सांगितलं?"

"मिळाली म्हणून सांगितलं."

"मग आता मिळालीच." त्याने आतल्या खिशातून नोटा काढल्या. द्राक्षांच्या क्रेटवाल्याला द्यायला आणलेल्या होत्या. मी हात धरला, तर म्हणाला, "पाच बोल म्हणून सांगणारा कोण? मीच ना? यार्डात मी एखाद्याला असं सांगितलं आन तो बुडाला, तर मी उद्या तोंड कसं दाखवू?"

फक्त पॅकिंगच्या दीडशेवर मात्र तो अडून बसला. खाली जीपमध्ये जाऊन द्राक्षांची एक रिकामी पेटी आणि कागदी कात्रण घेऊन आला. "माझी द्राक्षं जहाजातून लंडनला जात्यात न फुटता. ही बाटली द्वारकेहून गंगापूर रोडला तुझ्या घरी नाय जायची?" मुलीने हसून ती ओळ खोडली. तो इतका खूश झाला, जणू बाकीचंही सगळं त्याने खोडून घेतलं होतं.

घरी आलो तर आई टाकीशी बसावं तशी न्हाणीच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसली होती. शेजारी बादलीत गरम पाणी. मी पेटी उघडली आणि बाटली तिच्या हातात दिली.

तिने डाव्या हातात बाटली आडवी धरली आणि उजवा अंगठा आडनावाच्या पहिल्या अक्षरावर ठेवला. मग हळूहळू पुढे सरकवत नेला. गावाच्या नावापाशी अंगठा थोडा थांबला, मग खाली गेला.

"बारीक ओळ आहे खालची," ती म्हणाली.

आजोबा दारात उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "किती?"

मी म्हटलं, पाच हजार नऊशे चाळीस. भाऊ म्हणाला, पाच हजार चारशे चाळीस, कारण पाचशे आधीच दिले होते. मी म्हटलं, ते आधी दिलेले यातच आहेत. तो म्हणाला, यात कसे असतील, ते तर वजा केले. आजोबा म्हणाले, "बोली किती होती?" आम्ही दोघांनी एकदम सांगितलं, पाच. "मग पाचच ना?" ते म्हणाले.

"कसले पाच?" आईने विचारलं.

"बाटलीचे दिले आई. पाच हजार. आणि वर थोडे."

"म्हणजे अनामत परत केलीस."

"अनामत नव्हे गं, विकत घेतली."

आईने माझ्याकडे तोंड वळवलं. मला ती लहानपणी हिशेब चुकल्यावर बघायची तसं. "आपली बाटली आपण विकत कशी घेऊ? कोणीतरी नेली होती, आज आणून दिली. बाटली आली की अनामत द्यायचीच असते."

भावाने विचारलं, "आत्या, अनामत किती असायची?"

"चार आणे."

"मग वाढली थोडी."

"वाढू दे. पण वरचे कसले म्हणालीस?"

आता ते मला समजावून सांगायचं होतं. एक रक्कम लिलाव करणाऱ्यांची, जी ते दोन्हीकडून घेतात. दुसरी सरकारची, जी बाटलीवरही असते आणि त्या पहिल्या रकमेवरही असते. बोलता बोलता मलाच वाटू लागलं, की मी काहीतरी चुकीचं सांगते आहे. आईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाटली धुतली होती का त्यांनी?"

"नाही."

"मग त्यांचे कापायला हवे होते. न धुता आणली की आपण अनामतीतून कापत असू."

"तेच मी सांगत होतो त्यांना!" भाऊ जवळजवळ ओरडला. "आत्या, तू यायला पायजे होती."

आईने बाटली गरम पाण्यात बुडवली. मी ब्रश दिला. किती वर्षांनी तिच्या हातात ते काम आलं होतं, पण हात कुठेही अडखळला नाही. पहिलं पाणी तांबडं निघालं, दुसरं गढूळ. तिसऱ्या खेपेला तिने बाटली हलवली आणि आत गोटी सुटली. काचेवर काच वाजली. आईने बाटली पुन्हा तिरकी केली, पुन्हा वाजवली. आजोबा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गिझर पुढच्या वर्षी बघू," आणि बादली उचलून पाणी ओतायला गेले.

मग आईने बाटली मला दिली. "पालथी ठेव. निथळू दे."

क्रेट कुठला आणणार? मी एका स्टीलच्या पेल्यात ती पालथी उभी केली आणि पेला काचेच्या कपाटात ठेवला. आई होती तोवर रोज दुपारी ती बाटली मागायची, अंगठा फिरवायची, गोटी वाजवायची आणि मला परत देताना सांगायची, पालथी ठेव. तिच्यानंतर मी ती तशीच ठेवली आहे. सगळ्या सरळ वस्तूंमध्ये ही एकच उलटी का, असं धाकटीने विचारलं होतं, त्याचं उत्तर हे.

तुझं उत्तर मात्र मला अजून सापडलेलं नाही. इतकं लिहून काढलं तरी घेणाऱ्याने वर का द्यायचं, ते मी सांगू शकत नाही. नऊशे चाळीस रुपये मी भावाला दर द्राक्षांच्या हंगामात देऊ करते आणि दर वेळी तो म्हणतो, "दोन्हीकडनं घेणाऱ्याकडं माग." तुझ्या कार्डाच्या बिलात खाली कोणत्या ओळी आहेत, ते मला कळव. दोघं मिळून बघू.

आणि माझ्यामागे कधी ती बाटली तुमच्यापैकी कोणाला घरी न्यावीशी वाटली, तर खुशाल न्या. विकत मिळणार नाही. त्या पेल्यात चार आणे ठेवून जा, आणि परत आणाल तेव्हा धुऊन आणा.